देवळाचा साचा

आस्प्रोनेरीत पोलिक्रोनिस द्रागोनासला नावं ठेवणारा माणूस शोधून सापडला नसता, आणि उतारवयात त्याला याचाच सगळ्यात जास्त जाच झाला. कुणी चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. पण आमचं गावच असं. एकदा एखाद्याला भला माणूस ठरवलं की ठरवलं. मग त्याने स्वतः येऊन कानीकपाळी ओरडून सांगितलं तरी ऐकून घेत नाही.

सगळे त्याला क्रोनिस म्हणत. पेट्रोल पंपाच्या पुढच्या वळणावर, हमरस्त्याला लागून त्याचं आवार होतं. आवारात सिमेंटचे सिंह, कारंजी, डोक्यावर टोपली घेऊन उभ्या बायका, कठड्यांचे बुटके खांब आणि दारापुढचे मोठे खांब असा सगळा बाजार मांडलेला असे. त्याचा बाप गवंडी, आजाही गवंडी. क्रोनिसच्या लग्नाच्या सुमारास आमच्याकडे सिमेंटची घरं उठायला लागली आणि ज्याला त्याला दारापुढे खांब हवे झाले, म्हणून हा साच्यांच्या धंद्यात पडला. साच्याला आतून जळकं ऑइल फासायचं म्हणजे सिमेंट चिकटत नाही, मध्ये सळ्या उभ्या करायच्या, वरून माल ओतायचा, साचा उघडला की खांब तयार. जाणारे-येणारे ट्रकवाले इंजिनातलं काढलेलं काळं ऑइल त्याला डब्यांतून आणून देत. त्या ऑइलचा वास त्याच्या हातांना, केसांना, रविवारच्या कोटालाही असे. त्याची बायको आर्गिरो म्हणायची, "देवाच्या दारात लोकांना धूपाचा वास येतो, मला तुझाच येतो."

माणूस चांगला होता, पण खांब वाईट होते. हे तोंडावर बोलायची हिंमत फक्त शाळेचे थ्रासिवुलोस मास्तर करत. चौकातल्या कॉफीघरात सगळ्यांसमोर ते विचारायचे, "क्रोनी, बाबा, हे खांब आहेत की ईस्टरच्या मेणबत्त्या? वात कुठे लावायची तेवढं सांगून ठेव." लोक हसत. क्रोनिसही हसायचा. मग घरी येऊन आवारातल्या खांबांकडे कमरेवर हात ठेवून बघत बसायचा. कुठेतरी चुकतंय हे त्याला दिसत होतं, पण ते हाताने सुधारता येत नव्हतं.

चुकतंय हे दिसायला लांब जायला नको होतं. गावाच्या वरच्या अंगाला, ओकच्या झाडीत आमचं जुनं देऊळ आहे. लहानसंच. चार खांब उभे, बाकीचे लोळलेले. तांबूस चुनखडीचे, कवेत मावतील एवढे खांब, अंगभर उभ्या पन्हळी, मधे अगदी किंचित पोट सुटलेलं, वर निमुळते होत गेलेले आणि माथ्यावर चपटी दगडी उशी. छप्पर कधीच पडून गेलंय, पण ते चार खांब बघितले की अजून काहीतरी पेलून धरलंय असं वाटतं. क्रोनिसचे खांब खरोखरची गच्ची पेलायचे आणि तरी नुसते आणून ठेवल्यासारखे दिसायचे.

देवळाचा राखणदार अनेस्तिस. सरकारी टोपी, शिट्टी, तारेचं कुंपण आणि पत्र्याची खोली, एवढा त्याचा संसार. हा माणूस रोज सकाळी देवळाच्या पायऱ्यांवरचा पाला खराट्याने झाडायचा आणि मग खांबांवरून हात फिरवत एक चक्कर मारायचा. "रात्री बरे होते का रे?" असं तो खांबांना विचारतो, अशी गावात थट्टा होती, आणि ती खरीही असावी. क्रोनिसच्या लग्नात वधूवरांच्या डोक्यावरचे मुकुट अनेस्तिसने बदलले होते. पुढे अनेस्तिसच्या मुलीला, स्मारोला, बाप्तिस्म्याच्या पाण्यातून धर्मपिता म्हणून क्रोनिसने उचललं. असं नातं जोडलेले लोक आमच्याकडे एकमेकांना "कुंबारे" म्हणून हाक मारतात, आणि हे नातं सख्ख्या भावाच्या वरचं मानतात. भावाशी कोर्टात भांडता येतं. कुंबाऱ्याशी साधा अबोला धरला तरी गाव थुंकतं.

अनेस्तिसने खोलीमागे टोमॅटो लावले होते. तो बायकोच्या माहेरी गेला की त्यांना पाणी घालायला कुंपणाची दुसरी किल्ली क्रोनिसकडे असायची.

देशातलं लष्करी कर्नलांचं राज्य कोसळलं त्यानंतरच्या उन्हाळ्यात एव्हान्थिया मेलबर्नहून परत आली. अर्धं आयुष्य तिकडे काढून आलेली बाई. आल्या आल्या तिने जुनं घर पाडून नवं बांधायला घेतलं आणि क्रोनिसच्या आवारात येऊन उभी राहिली.

"क्रोनी, मला दारापुढे चार खांब हवेत. पण हे असले नकोत हं."

"असले म्हणजे कसले?" क्रोनिसने विचारलं. त्याला कळलं होतं.

"हे पेट्रोल पंपावर लाव. मला आपल्या वरच्यासारखे हवेत. अरे, तिकडे बँकेला तसे खांब, टपालघराला तसे, कोर्टाला तसे. तिकडची माणसं मला विचारायची, तुमच्या गावात तर घरोघरी असतील नाही? मी काय सांगू? हो म्हणायचे. लाज वाटायची खोटं बोलताना."

"देवळाचे दगडाचे आहेत, एव्हान्थिया. मी सिमेंटवाला माणूस."

"मग सिमेंटचे कर, पण तसे कर. जमत नसेल तर सांग, शहरातून मागवते."

हे तिने मुद्दाम म्हटलं नसेल, पण शेजारी मास्तर उभे होते. ते नुसते मिशीत हसले. क्रोनिसला रात्रभर झोप लागली नाही. शहरातून येतील, गावभर मिरवतील, आणि रोज त्या घरावरून आपल्याला जावं लागेल, हेच त्याच्या डोक्यात घोळत राहिलं.

ऑगस्टमध्ये आईमरियेचा सण. सगळं गाव चर्चच्या चौकात, बोकडाचं मटण आणि वाजंत्री. अनेस्तिस बायकामुलांना घेऊन सासुरवाडीला गेला आणि जाताना म्हणाला, "कुंबारे, टोमॅटोंना तेवढं बघ. वांग्यांना कमी घाल, कुजतात." क्रोनिसने मान डोलावली. अनेस्तिस गेल्यावर त्याने गाढवावर प्लास्टरच्या गोण्या, गोणपाट, शिडी आणि ऑइलचा डबा लादला आणि भर दुपारी वर गेला.

त्याने परवानगी का मागितली नाही? कारण अनेस्तिस नाही म्हणाला असता. इतकं सरळ आहे ते. वर चढताना तो स्वतःला सांगत होता की मी काही तोडत नाही, काही उचलून नेत नाही, नुसतं माप घेतोय. शिंपी माप घेतो तर गिऱ्हाइकाचं काय जातं? दगडाला प्लास्टर चिकटू नये म्हणून काहीतरी लावणं भाग होतं. आयुष्यभर जे लावत आला तेच त्याने लावलं. कोपऱ्यातल्या खांबाला खालपासून हात पोचेल तिथवर, मग शिडीवर चढून माथ्याच्या उशीपर्यंत, त्याने ब्रशने जळकं ऑइल फासलं. लाकूड आणि पत्रा ऑइल अंगावरच ठेवतात. हा दगड मात्र ते पीत गेला. क्रोनिसने पुन्हा फासलं, दगड पुन्हा प्यायला, आणि तरी त्याला काही सुचलं नाही. त्याचं सगळं लक्ष पन्हळींच्या कडांवर होतं. इतक्या जवळून त्याने त्या कधी बघितल्याच नव्हत्या. तुकड्यातुकड्याने साचा काढताना तो लहान पोरासारखा खूश होता.

सण संपेपर्यंत साचा घरी आला. मग त्याने साबणाच्या चुऱ्याने खांब घासला. ओला दगड काळपटच दिसणार, वाळला की उजळेल, असं म्हणून तो टोमॅटोंना पाणी घालून खाली उतरला. वांग्यांना कमी घातलं.

खांब वाळला, पण डाग गेला नाही.

पहिला खांब साच्यातून निघाला तेव्हा आर्गिरो हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर आली. "देवा," ती म्हणाली, "हा तू केलास?" क्रोनिसने होकाराची मान हलवली. तो खांब नुसता उभा नव्हता. त्याने श्वास भरून घेतलाय असं वाटत होतं. एका पन्हळीची कड कमरेएवढ्या उंचीवर बोटभर फुटलेली होती. कधीकाळी कुणा बैलगाडीच्या आखाने उडवली असेल. ती फूटही जशीच्या तशी उतरली होती. क्रोनिसने ती बुजवायला सिमेंट कालवलं आणि बुजवली नाही. इतकी हुबेहूब चीज बिघडवायला त्याचा हात धजेना. मास्तर आवारात आले, खांबाभोवती दोनदा फिरले, टोपी काढून म्हणाले, "क्रोनी, मी तुझी माफी मागतो. इतकी वर्षं वर बघून बघून शेवटी तुझ्या डोळ्यात उतरलंच की!"

क्रोनिस तोंड उघडून उभा राहिला आणि "तुमची कृपा, मास्तर" एवढंच म्हणाला. तिथून त्याचं गप्प बसणं सुरू झालं.

सप्टेंबरच्या उन्हात डाग वर आला. त्यावर धूळ चिकटून तो आणखी काळा झाला. अनेस्तिस सुट्टीवरून आल्यावर त्या खांबासमोर किती वेळ उभा होता ते कुणी पाहिलं नाही. थोड्या दिवसांनी शहरातल्या पुरातत्त्व कार्यालयातून काट्रिवानू नावाच्या बाई आल्या. खांब पाहून त्या आधी रडल्या आणि मग चिडल्या. दगडाच्या आत गेलेलं तेल निघत नाही, निघेल असं अजून कुणाला सापडलेलं नाही, असं त्या म्हणाल्या. अनेस्तिसला खोलीत बसवून त्यांनी विचारपूस केली. संध्याकाळी बातमी गावभर झाली: अनेस्तिसने कबूल केलं, ऑइल त्यानेच फासलं होतं! पाहुणे येतात, दगड जरा चकचकीत दिसावा म्हणून!

गावाला हसायला विषय मिळाला. खाटीक कॉफीघरातून ओरडायचा, "अनेस्ती, माझं गाढव फार मळकट दिसतं रे, जरा पॉलिश करून दे!" दुसरा म्हणायचा, "माझ्या सासूला एक हात मार." ज्या माणसाने उभं आयुष्य त्या देवळाचा पाला झाडला, तो आता देवळाला बूटपॉलिश करणारा खुळा ठरला. अनेस्तिस कपातली कॉफी संपवायचा आणि उठून जायचा.

क्रोनिस तिथेच बसलेला असायचा. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, बाईंनी दटावलं असेल, घाबरून काहीतरी बोलून गेला असेल. त्याला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर माझ्यासमोर बसून कॉफी प्यायला असता का? या एका विचाराला त्याने घट्ट धरून ठेवलं होतं. उद्या सांगू, असं रोज रात्री ठरायचं, आणि सकाळी कुणीतरी नवी गिऱ्हाइकं आवारात घेऊन यायचं, "हे बघा, आमचा क्रोनिस!" मग शरमेने त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि लोकांना वाटायचं, किती विनयी आहे.

अनेस्तिसची बदली झाली. बंदराच्या गावी, एका कोठाराच्या तळघरात, फुटक्या भांड्यांच्या पेट्यांवर लक्ष ठेवायला. खिडकी नाही, झाड नाही. बायकामुलं गावातच राहिली आणि तो दर रविवारी बसने येऊ लागला. निघाला त्या दिवशी क्रोनिसने त्याची बॅग बसपर्यंत नेली. बस येईपर्यंत बोलायला वेळ होता. क्रोनिस म्हणाला, "तिकडे दमट हवा असेल, लोकरीचा सदरा घातलास ना?" 

"तुला काय होतंय?" आर्गिरोने विचारलं. "जेवत नाहीस, बोलत नाहीस."

त्या रात्री त्याने तिला सांगितलं. तिने कपाळावर हात मारला नाही की आरडाओरडा केला नाही. ती बराच वेळ चादरीच्या कडेची शिवण बोटांनी ओढत राहिली. मग म्हणाली, "आपल्या डोक्यावर मुकुट ठेवले त्या माणसाने. जा आणि सांग."

"सगळ्यांसमोर सांगतो," क्रोनिस म्हणाला. "हसले ते सगळ्यांसमोर हसले."

एव्हान्थियाच्या घराची वास्तुशांत ऑक्टोबरातल्या एका रविवारी होती. पाद्री बाबांनी तुळशीची जुडी पवित्र पाण्यात बुडवून चारी खांबांवर शिंपडलं. अंगणात लांबच लांब टेबलं, भरलेल्या मिरच्या, चीजचे वडे, घरची दारू. गाव लोटलं होतं आणि जो तो खांबांवर हात फिरवून बघत होता. अनेस्तिस बंदराहून आला होता. थोडा वाळलेला, दाढी वाढलेली. एव्हान्थियाने त्याला हात धरून खांबांपाशी नेलं, "तू सांग, तुझ्यासारखा जाणकार दुसरा कोण? आहेत की नाहीत तसेच?"

अनेस्तिसने रोजच्या सवयीने हात वर केला आणि तळहात खांबावरून खाली आणला. कमरेपाशी त्याची बोटं थांबली. फुटलेल्या कडेवर आली, तिथेच राहिली. मग त्याने पुढच्या खांबाच्या त्याच जागी हात लावला. त्याच्यापुढच्याही. सगळ्या खांबांना एकाच जागी एकच फूट होती. तिथे अंगणभर माणसं होती, पण ते फक्त दोघांना कळलं. अनेस्तिसने मान वळवून क्रोनिसकडे पाहिलं. त्या नजरेत आश्चर्य नव्हतं, आणि क्रोनिसला कळलं. याला माहीत आहे. आज नाही, पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

"तसेच आहेत," अनेस्तिस एव्हान्थियाला म्हणाला. "घर लाभो तुम्हाला."

क्रोनिस उठला. हातातला पेला टेबलावर ठेवताना सांडला. "मला काहीतरी सांगायचंय," तो म्हणाला.

"भाषण! भाषण!" टेबलांवरून आरोळ्या आल्या.

"भाषण नाही. देवळाच्या खांबाला ऑइल मी फासलं. हे खांब मी तिथून उतरवलेत, साचा काढून. सणाच्या दिवशी. किल्ली माझ्याकडे होती. अनेस्तिसचा काडीचा दोष नाही. तुम्ही माझ्यावर हसायला हवं होतं."

 खाटकाच्या हातातला काटा तसाच राहिला. क्रोनिसच्या छातीवरचं काहीतरी उतरत होतं, आणि तो शिव्यांची वाट बघत उभा होता.

तेवढ्यात अनेस्तिस बोलला. आवाज अगदी साधा. "बस खाली, कुंबारे. काय हे! किल्ली त्या दिवशी माझ्याच खिशात होती. सासूकडे नेली होती मी, विसरून." आणि मग लोकांकडे वळून म्हणाला, "माझ्यासाठी स्वतःच्या अंगावर घेतोय. खूप दिवस झाले, याला माझं दुःख सहन होत नाही."

आधी कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज झाला. मग एव्हान्थिया रडत उठली आणि तिने क्रोनिसचे दोन्ही गाल धरून मुका घेतला. "तिकडे असली माणसं नसतात हो!" खाटीक लाजून म्हणाला, "आम्ही इथे थट्टा करतोय आणि हा बघा." मास्तरांनी पेला उंचावला. पाद्री बाबा म्हणाले, "देव प्रत्येकाला असा कुंबारा देवो." टाळ्या पडल्या.

"अहो, खरं सांगतोय मी!" क्रोनिस ओरडला. "आईमरियेची शपथ!"

"शपथ घेऊ नकोस बाबा, पाप लागेल," पाद्री बाबा मायेने म्हणाले. कुणीतरी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं आणि ताटात भरलेली मिरची वाढली. टेबलाच्या त्या टोकाला फक्त आर्गिरो मान खाली घालून बसली होती.

संध्याकाळी दोघं बसथांब्यापर्यंत चालत गेले. चिंचोळ्या रस्त्यावर क्रोनिस एक पाऊल मागे होता.

"का केलंस?" त्याने शेवटी विचारलं.

"बाईंनी विचारलं, दुसरी किल्ली कुणाकडे," अनेस्तिस म्हणाला. "तुझं नाव घेणं मला जमलं नाही. म्हणून म्हटलं मीच खुळा. शपथेवर सांगितलंय. आता तू तिकडे जाऊन खरं बोललास तर मी खोटी शपथ घेतली असं होईल, आणि आहे ते तळघरही जाईल. तेव्हा गप्प राहा. तेवढं तरी कर."

"मी तुझ्याकडे मागायला हवं होतं."

"हो. मी नाही म्हटलं असतं. तू रागावला असतास, आठवडाभर तोंड फिरवून बसला असतास. मग मी तावलीचा पट आणि सोंगट्या घेऊन तुझ्याकडे आलो असतो." अनेस्तिस थांबला. "एवढंच झालं असतं रे."

क्रोनिसला रडू आवरेना. त्याने त्याचा हात धरायला हात पुढे केला, आणि अनेस्तिसने आपला हात खिशात घातला. रागाने नाही. फक्त घातला.

"ईस्टरनंतर स्मारोचं लग्न आहे," तो म्हणाला. "तू तिचा धर्मपिता आहेस, मुकुट तूच बदलायचे. दुसरा कुणी उभा राहिला तर लोक कारण विचारतील, आणि पोरीला ते नको. चार लोकांत आपण जसे होतो तसेच. पण पोलिक्रोनी, लग्न झालं की माझ्या घरी येऊ नकोस. मला तुझ्यासमोर बसवत नाही."

इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा क्रोनिसला नावाने हाक मारली होती. बस आली, अनेस्तिस चढला, आणि खिडकीतून हात हलवला, कारण थांब्यावर खाटकाची बायको उभी होती.

लग्न झालं. चर्चमध्ये स्मारो आणि तिचा नवरा पुढे, त्यांच्या मागे क्रोनिस. त्याने फितीने जोडलेले पांढरे मुकुट या डोक्यावरून त्या डोक्यावर, त्या डोक्यावरून या डोक्यावर नेले. हात थरथरत होते. बायका कुजबुजल्या, "बघा किती जीव आहे पोरीवर." विधी संपल्यावर अनेस्तिस पुढे आला आणि सगळ्यांसमोर त्याने क्रोनिसच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. ओठ टेकले न टेकले. क्रोनिसला वाटलं जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, पण जमीन तशीच राहिली आणि वर तांदूळ पडत राहिले.

बाहेर अंगणात स्मारोने त्याच्या हाताचं चुंबन घेतलं. "नोने," ती म्हणाली, धर्मपित्याला आमच्याकडे असंच म्हणतात, "बाबा आता सुट्टीला दर रविवारी आमच्याकडे असतील. तुम्हीही या. दोघं तावली खेळा, मी कॉफी करते. याल ना?"

क्रोनिसने अनेस्तिसकडे पाहिलं. अनेस्तिस व्याह्यांमध्ये उभा होता. तो हसून मोठ्याने म्हणाला, "येईल की! का नाही येणार?"

"येईन," क्रोनिस म्हणाला.

तो गेला नाही. पहिल्या रविवारी माल ओतायचा होता, दुसऱ्या रविवारी ट्रक यायचा होता. स्मारो प्रत्येक वेळी वाडग्यात गोड पाठवायची आणि वाडगं परत आणणारं माणूस सांगायचं, नोने आवारात एकटेच बसले होते, साच्यावरचं ऑइल पुसत. गाव म्हणायचं, रविवारीसुद्धा उसंत नाही बिचाऱ्याला, किती कष्टाळू माणूस आहे.